एका दमात मनमाड

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वजनकाट्याशी भांडत होते. डायलिसिस विभागाच्या दाराशीच आमचा काटा असतो. पेशंट आला की आधी त्याच्यावर उभा राहतो, कारण किडन्या बंद पडलेल्या माणसाच्या अंगात दोन दिवसांत जेवढं पाणी साठतं तेवढं त्याचं वजन वाढतं, आणि तेवढंच पाणी मशीननं चार तासांत काढायचं असतं. त्या दिवशी काटा सव्वातीन किलो जास्त दाखवत होता, आणि काळा कोट घातलेला एक उंच, वाळलेला म्हातारा कमरेवर हात ठेवून त्याला सुनावत होता, "एवढं पाणी मी पिलोच नाही. तू खोटं बोलायलास."

नवऱ्याच्या नोकरीमुळं मी पुण्याहून हैदराबादला आले होते आणि कोठीच्या बाजारामागच्या एका मध्यम रुग्णालयात ड्युटी डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते. दिवसभर कानावर तेलुगू आणि दखनी. त्यात हे "पिलोच नाही" ऐकून मी थबकले.

"तुम्ही मराठी?"

"हौ," ते म्हणाले. मग मला वरपासून खालपर्यंत पाहून, "हैदराबादी मराठी. तुमची पुस्तकातली दिसते."

आवाज असा की पलीकडच्या रक्त तपासणीच्या खिडकीवरची रांग वळून बघायला लागली. त्यांचा आवाज मोठा होता असं म्हणून भागत नाही. मोठ्यानं बोलणारी माणसं पुष्कळ असतात. ह्यांचा प्रत्येक शब्द सुटा, कडेला घासून-पुसून ठेवल्यासारखा यायचा आणि खोलीच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत तसाच्या तसा पोचायचा. तीस वर्षं ते सिकंदराबाद स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करत होते. तेलुगू, हिंदी, इंग्रजी. आणि मनमाडकडच्या गाड्यांना, वरचे साहेब जाग्यावर नसले, तर मराठीसुद्धा. नंतर रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि ह्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्या रेकॉर्डमधल्या बाईवर त्यांचा शेवटपर्यंत राग होता.

"तिला ठसका लागत नाही, शिंक येत नाही, पडसं होत नाही," ते म्हणायचे. "तिच्यावर काय म्हणून विश्वास ठेवायचा?"

हा राग त्यांनी पुढं आवाज करणाऱ्या सगळ्याच यंत्रांवर पसरवला. डायलिसिसचं मशीन पिपाणी वाजवायला लागलं की ते त्याला "चूप" म्हणायचे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्यांना कपड्याच्या चिमट्यासारखं वाटायचं, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे.

पाण्याची त्यांची तऱ्हा वेगळीच. दिवसाला पाऊण लिटर पाणी, एवढीच परवानगी. ते थर्मासच्या झाकणातून मोजून पाणी घ्यायचे आणि तोंडात इतका वेळ खेळवायचे की समोरच्याला आपल्याच घशाला कोरड पडल्यासारखं वाटावं. चार तासांचं डायलिसिस संपलं की कोठीतल्या एका इराणी हॉटेलात जाऊन बसायचे. चहा मागवायचा नाही. नुसतं बसायचं. हॉटेलवाल्याला सवय झाली होती. "वास घ्यायला पाणी लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. एकदा काट्यावर चढता चढताच त्यांनी मला हळूच सांगितलं, "त्यात शंभर ग्रॅम चहा आहे. घरी सांगू नका."

घरी म्हणजे काकू. चिक्कडपल्लीहून मंगळवार, गुरुवार, शनिवार रिक्षानं ह्यांना घेऊन यायच्या आणि बाहेरच्या बाकावर चार तास बसायच्या; नंतर हे हॉटेलात बसले की त्या तेवढ्यात बाजारातून सामान घेऊन यायच्या. बारीक अंगाच्या, शांत. मी जाता-येता "काकू, चहा घेतला का?" म्हटलं तर मान हलवायच्या. त्यांचा आवाज मी पहिले सहा महिने ऐकलासुद्धा नव्हता.

मशीनला जोडलेला माणूस जागचा हलू शकत नाही. एका हातात दोन सुया, नळ्यांतून रक्त बाहेर जाऊन परत येत असतं. आमच्याकडे खुर्च्या नऊ, भिंतीवर टीव्ही एक, त्यावर तेलुगू मालिका. काहीजण झोपतात, काहीजण छताकडे बघतात. हे शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारायचे, "कौनसा गाँव?" समोरच्यानं गाव सांगितलं की कोट सारखा करायचे, घसा साफ करायचे आणि त्या गावाकडे जाणाऱ्या गाडीची घोषणा करायचे. पूर्ण. कुठून सुटली, कुठं कुठं थांबणार, कितव्या फलाटावर येते आहे, सगळं. राजमंड्रीच्या एका अम्मांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिकडं त्यांचं माहेर होतं आणि आजारपण सुरू झाल्यापासून त्या गेल्या नव्हत्या.

मग ते पेशंटांकडून स्टेशनं म्हणवून घ्यायला लागले. अट एकच, सगळी स्टेशनं एका दमात. घाई करायची नाही, प्रत्येक नाव सुटं ऐकू आलं पाहिजे. "साहेबानं माझा दम बघूनच नोकरी दिली होती," ते सांगायचे. स्वतःसाठी त्यांनी मनमाडची गाडी ठेवली होती, कारण त्यांचे आजोबा सेलूकडचे शेतकरी, निजामाच्या काळात इकडं आलेले. मेडचल, कामारेड्डी, निजामाबाद, बासर, धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, औरंगाबाद, मनमाड. डोळे मिटून, एका लयीत, आणि मनमाड म्हणून झाल्यावरही छातीत अजून दोन स्टेशनं शिल्लक असल्यासारखे बसायचे.

एक दिवस मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही एक गोष्ट बघितलात का? येताना हे लोक वरंगलला थकतात. मशीन सुटल्यावर खम्ममच्या पुढं जातात."

मी हसले. "काका, त्यात काय? छातीत पाणी साठलेलं असतं. ते काढलं की श्वास मोकळा होतो."

"तेच म्हणतोय ना मी," ते म्हणाले, जरा दुखावल्यासारखे. "पाणी असलं तर आवाज परत येतो."

मी ते वाक्य ऐकलं आणि विसरले.

कोरोना आला तेव्हा शहर बंद झालं, पण डायलिसिस बंद करता येत नाही. दोन फेऱ्या चुकल्या तर माणूस जातो. आम्ही खुर्च्या लांब लांब सरकवल्या, मध्ये प्लास्टिकचे पडदे टांगले, टोकाच्या लहान खोलीत एक मशीन संशयितांसाठी वेगळं ठेवलं. काकूंना बाकाऐवजी आवारातल्या झाडाखाली बसावं लागलं. हे मास्कमधूनच घोषणा करायचे, चष्म्यावर वाफ धरायची आणि ते आंधळ्यासारखे बोलत राहायचे.

मग रुग्णालयाच्या ऑफिसातून एक छापील तक्ता आला. ताप किती, ऑक्सिजन किती, मिनिटाला श्वास किती, रक्तात काय, छातीच्या स्कॅनमध्ये काय. खुणा करायच्या, बेरीज करायची, खाली उत्तर: सौम्य, मध्यम, गंभीर. त्यावर ठरणार की माणूस घरी जाणार, की वरच्या मजल्यावरच्या कोविड वॉर्डात, की त्याच्याही पुढं. तक्ता वाईट नव्हता. सगळ्या रुग्णालयाला तो चालत होता. पण आमच्या पेशंटांना तो बसेना. त्यांच्या अंगात तापच नीट येत नाही. रक्तातल्या ज्या गोष्टी वाढल्या की आजार गंभीर म्हणायचा, त्यातल्या कितीतरी त्यांच्या रक्तात बारा महिने वाढलेल्याच असतात. छातीच्या स्कॅनमध्ये पांढरं दिसलं तर ते विषाणूचं की साठलेल्या पाण्याचं, हे बघणारासुद्धा ठामपणे सांगायला कचरायचा. आणि दम तर ह्यांना नेहमीच लागतो.

आमचे मोठे डॉक्टर तेलुगू, मोजकं बोलणारे. तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "भरायचा तर भरा. पण डोकं चालू ठेवा."

पहिली अडचण राजमंड्रीच्या अम्मांचीच झाली. लॉकडाउनमध्ये वाहन मिळालं नाही म्हणून त्यांची एक फेरी चुकली होती. चार दिवसांनी आल्या त्या धापा टाकतच. ऑक्सिजन एक्याण्णव. खोकला. मी खुणा केल्या, बेरीज केली, गंभीरच्या अगदी काठावर. त्यांना वॉर्डात न्यायला खुर्ची मागवली. वॉर्डात गेल्या असत्या तर चाचणीचं उत्तर येईपर्यंत संशयितांच्या गर्दीत पडून राहिल्या असत्या, आणि तिथं डायलिसिसचा नंबर कधी लागला असता कोण जाणे.

पडद्यापलीकडून आवाज आला. "डॉक्टर, आधी स्टेशनं म्हणवा."

"काका, ही वेळ आहे का?"

"म्हणवा तर. अम्मा, चेप्पंडी."

अम्मांनी धाप लागलेलीच असताना सुरुवात केली. काझीपेट. वरंगल. संपलं.

"आता पाणी काढा आणि परत म्हणवा," ते म्हणाले. "मग कुठं न्यायचं तिथं न्या."

मी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "टोकाच्या खोलीत घ्या. हे तसंही करायलाच हवं." चार तासांत साडेतीन लिटर पाणी निघालं. अम्मांचा ऑक्सिजन सत्त्याण्णव झाला, आणि त्यांनी राजमंड्रीपर्यंत एका दमात जाऊन वर गोदावरीला हातही जोडले. दोन दिवसांनी चाचणी आली, तीत काहीच नव्हतं.

मी खूश झाले, पण तेवढ्यापुरतीच. म्हाताऱ्या माणसाचा एक अंदाज बरोबर आला, असं मनाशी म्हटलं. असा विचार केला होता हे आज लिहितानासुद्धा बोट अडखळतं.

कारण पुढच्याच आठवड्यात मियाँ आले. कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायचे. गुलबर्ग्याचे. ह्यांची आणि त्यांची शेजारशेजारची खुर्ची, आणि रोजची खडाजंगी. मियाँ ह्यांना "रेलवे साब" म्हणायचे. त्यांच्या घरात एकाला लागण झाली होती, म्हणून तपासणी केली आणि ती होकारार्थी आली. पण माणूस एकदम टवटवीत. ताप नाही, खोकला नाही, ऑक्सिजन शहाण्णव. टोकाच्या खोलीत मशीनवर बसून सिस्टरला शेर ऐकवत होते. तक्त्यात सरळ सौम्य.

ह्यांनी दारातूनच ओरडून मियाँना गुलबर्ग्याची गाडी म्हणायला लावली. लिंगमपल्ली, शंकरपल्ली, विकाराबाद, तांडूर... आणि मियाँ थांबले. "आज मूड नहीं है, साब," म्हणून हसले. डायलिसिस संपल्यावर परत. परत तांडूर.

हे माझ्याकडे आले. मास्कमुळं असेल किंवा मी घाईत दिसले म्हणून असेल, नेहमीच्या मानानं हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, पाणी गेलं तरी मियाँचा आवाज परत नाही आला."

"काका, ऑक्सिजन शहाण्णव आहे. ते थकलेत फक्त."

ते काहीतरी बोलणार होते. मी तोपर्यंत सही केली होती.

तिसऱ्या दिवशी मियाँना त्यांच्या मुलांनी रिक्षातून आणलं, तेव्हा ओठ निळे पडलेले होते. वॉर्डात ते दोन दिवस होते. आत कुणाला सोडत नव्हते. मुलं फाटकाबाहेर उभी असायची.

मोठे डॉक्टर मला म्हणाले की त्या दिवशी त्या आकड्यांवर त्यांनीही हेच केलं असतं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत नव्हते, तसा त्यांचा स्वभावच नाही. तरी मला बरं वाटलं नाही.

त्या गुरुवारी हे आले. काट्यावर चढले, उतरले, खुर्चीवर बसले, आणि चार तास एक शब्द बोलले नाहीत. शेजारची खुर्ची रिकामी होती. सुया काढून झाल्यावर, हातावर कापूस दाबून धरत मला म्हणाले, "तांडूरला दम संपला होता. दोन्ही वेळेला. मी मोठ्यानं बोलायला पाहिजे होतो."

"काका, चूक माझी—"

"जिंदगीभर ओरडलो," ते म्हणाले. "सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल असं. आणि त्या दिवशी हळू बोललो."

दुसऱ्या दिवशी मी छापील तक्त्याच्या तळाशी पेनानं दोन चौकोन काढले. आधी कुठपर्यंत. नंतर कुठपर्यंत. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. "याला शास्त्र म्हणत नाहीत," ते म्हणाले. "ह्याच्यावर एकट्यावर काही ठरवायचं नाही. पण चौकोन राहू द्या." मग त्यांनीच आणखी एक भर घातली: बसल्या जागी ऑक्सिजन चांगला असला तरी पेशंटला काट्यापर्यंत चालवून आणायचं आणि परत मोजायचं. ही तिन्ही कामं आम्ही वर्षभर केली. कितीजणांना त्याचा उपयोग झाला ते मी सांगू शकत नाही, कारण ज्यांना वेळेवर वर पाठवलं आणि जे परत आले, ते तसेही आले असते का, हे कुणाला कळणार?

ह्यांना मात्र आपण विभागाचे अधिकारी झालो असं वाटायला लागलं. सकाळी आल्या आल्या विचारायचे, "आज कुणाला काय झालं?" नवीन पेशंट आला तर त्याचं गाव, त्याची गाडी, त्याची स्टेशनं पाठ करून घ्यायचे, जणू उद्या परीक्षा आहे. एका कॉलेजातल्या मुलीनं सांगितलं की तिचं गाव हैदराबादच, ती कुठंच गेलेली नाही. हे चक्क अस्वस्थ झाले. अर्धा तास विचार करून त्यांनी तिच्यासाठी शहरातल्या शहरात फिरणारी गाडी तयार केली. सिकंदराबाद, बेगमपेट, खैरताबाद, नामपल्ली असं काहीतरी. तिला ती भारी आवडली.

दुसऱ्या लाटेत त्यांच्या शेजारी राहणारं सगळं घर आजारी पडलं. त्यानंतरच्या मंगळवारी हे आले तेव्हा वजन जेमतेम किलोभर वाढलं होतं. "शाबास काका, पाणी छान सांभाळलंत," मी म्हटलं. त्यांनी नुसता अंगठा दाखवला. चाचणी होकारार्थी आली. टोकाच्या खोलीत घेतलं. बसल्या जागी ऑक्सिजन चौऱ्याण्णव, ताप नाही.

आता प्रश्न एवढाच होता की किती गंभीर. त्या आठवड्यात वॉर्डात खाट मिळवायची म्हणजे मला मोठ्या डॉक्टरांना उठवून वर पाठवावं लागलं असतं. मी म्हटलं, "काका, मनमाड."

त्यांनी कोट सारखा केला, डोळे मिटले, आणि मेडचलपासून मनमाडपर्यंत एकसारख्या लयीत जाऊन पोचले. चार तासांनी पुन्हा विचारलं. पुन्हा मनमाड. माझा जीव भांड्यात पडला. काट्यापर्यंत चालवायचं राहिलंय हेही मी विसरले, तक्त्यावर सौम्य लिहिलं आणि औषधं समजावून सांगायला काकूंकडे झाडाखाली गेले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू का? ह्यांच्या घशाला काही झालंय का?"

"का हो?"

"रविवारपासून एक शब्द बोलले नाहीत. सगळं हातानंच सांगायलेत. मी लईच विचारलं तर कागदावर लिहिले. आवाज राखून ठेवलोय, मंगळवारी लागतो, म्हणून."

मी परत आत गेले. ते कोटाची बटणं लावत होते.

"काका, उठा. काट्यापर्यंत चालून परत या."

"कशाला? मनमाड झालं की."

"चाला."

आमच्या काट्यापर्यंत वीस पावलं. जाताना ते ताठ गेले. येताना पडद्याच्या खांबाला धरून उभे राहिले. बोटाला लावलेला चिमटा सत्त्याऐंशी दाखवत होता.

"सकाळी काय खाल्लंत?" मी विचारलं.

"उप..." ते म्हणाले. श्वास. "...मा." श्वास. "थोडा."

पाठ असलेल्या ओळीत श्वास कुठं चोरायचा हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. पूर्णा आणि परभणीच्या मधे, मानवत आणि रोडच्या मधे, ऐकणाऱ्याला कळणार नाही असा. साध्या प्रश्नाचं उत्तर देताना ती सोय नव्हती.

ते खुर्चीवर बसले. रागानं की धापेनं कळेना, पण छाती वरखाली होत होती. "तुम्ही पण... शेवटी... मशीनवरच भरवसा केलात."

"मशीनवर नाही. काकूंवर."

मी फोन लावला. मोठे डॉक्टर स्वतः वर गेले आणि खाट मिळाली. व्हीलचेअर येईपर्यंत मी त्यांच्याजवळ थांबले. एवढा उंच माणूस, काळ्या कोटात एकदम लहान दिसत होता.

"का केलंत असं?" मी विचारलं. "मियाँचं बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलो म्हणूनच," ते म्हणाले. मग दोन-तीन श्वास घेऊन, "मियाँ वर गेले. दोन दिवस कुणाशी बोलले का? कुणी ऐकलं का?" पुन्हा श्वास. "मी भ्यालो, डॉक्टर."

मी त्यांना सांगितलं की मी रोज येईन. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला थांबवून त्यांनी कोट काढला, घडी घातली आणि काकूंना द्यायला माझ्या हातात दिला.

रोज जाणं जमलं नाही. पण एक दिवसाआड त्यांचं मशीन खाटेशी न्यावं लागायचं, त्या दिवशी मी टेक्निशियनबरोबर तो सगळा पोशाख चढवून जायची आणि अर्धा तास तरी उभी राहायची. तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क, त्याचा सूं सूं आवाज. बोलता येत नव्हतं. नवव्या की दहाव्या दिवशी तर मान वळवायचीही ताकद दिसेना. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी मनमाडची गाडी म्हणायला लागले. माझ्या तोंडावर दोन मास्क, वर काचेची ढाल. परभणी, मानवत रोड, सेलू, जालना, परतूर...

चादरीवरचं त्यांचं बोट हललं. नाही, नाही.

"परतूर आधी?" मी विचारलं.

बोट थांबलं. मी परत सेलूपासून सुरुवात केली आणि नीट म्हटलं. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून मी पहिल्यांदा रडले. मियाँच्या वेळचंही त्यातच रडून घेतलं.

ते वाचले. महिन्याभरानंतर वॉर्डातून सुटले तेव्हा सहा किलोनं उतरले होते आणि आवाजाला भेग पडली होती. फुफ्फुसं पुन्हा पूर्ण भरली नाहीत. पहिल्या दिवशी बासरला थांबले, पुढं खूप दिवसांनी नांदेडपर्यंत गेले, त्याच्यापुढं कधीच नाही. आमच्या विभागातही मग स्टेशनं म्हणायचं हळूहळू बंद झालं. लाट ओसरली होती, तक्ते ऑफिसात परत गेले होते. ते पडद्याशेजारच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचं ऐकायचे. कॉलेजातली ती मुलगी त्यांना रोज काहीबाही सांगायची, आणि ते मान डोलवायचे.

त्यानंतर ते दीड वर्ष होते. एका सोमवारी सकाळी अंघोळ करून बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि हृदय थांबलं. आमच्या पेशंटांचं असं होतं. शनिवार ते मंगळवार हे अंतर त्यांना लांब पडतं.

दहाव्याच्या नंतर मी चिक्कडपल्लीला गेले. भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. काकूंनी मला आत बसवलं आणि चहा ठेवला. मला वाटलं होतं गप्प बसावं लागेल. पण त्याच बोलायला लागल्या.

"लग्न झालं तेव्हा मला सगळे म्हणायचे, तुझा नवरा रेडिओवाणी बोलतो म्हणून," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणी स्टेशनावर मुद्दाम जाऊन ऐकायच्या. मीपण जायची, कधी भाजी आणायच्या निमित्तानं. कारण घरी काय, चार शब्द. ड्युटीवर बोलून बोलून घसा बसलेला. जेवायला वाढ. दिवा बंद कर. रिटायर झाले तरी तीच सवय. दवाखान्यात तुमच्याशी एवढं बोलतात हे मला बाहेर बसून ऐकू यायचं. मी म्हणायची, बोलू द्या, तिथं तरी बोलतात."

त्यांनी चहा गाळला. माझा कप माझ्यापुढं सरकवला.

"वॉर्डातून आले ना, तेव्हापासून बोलायला लागले. काय काय सांगितले म्हणता. पहिल्या नोकरीचं. त्यांच्या आईचं. माझ्या लुगड्याचा रंग कोणता होता, बघायला आले त्या दिवशी. मला वाटायचं, ह्यांना कुठलं ध्यानात असणार. सगळं होतं ध्यानात."

"पण त्यांना तर दम लागायचा," मी म्हटलं.

"लागायचा की. दोन शब्द बोलायचे, थांबायचे. श्वास घ्यायचे. मग आणखी दोन. एक गोष्ट सांगायला कधी कधी दुपार जायची." काकूंनी स्वतःचा कप उचलला. "जाऊ दे की. मला कुठं घाई होती?"